तेवीस ओहम

त्या घरात काहीही जळाले की वासाच्या आधी आत्याचे नाव येई. दूध करपले, आत्या. इस्त्रीखाली रुमाल पिवळा पडला, आत्या. त्यामुळे माडीवरच्या तिच्या खोलीतले सॉकेट जेव्हा खरोखरच जळाले, प्लग त्यात वितळून चिकटला आणि भिंतीवर काजळीचा पट्टा उठला, तेव्हा चौकशी वगैरे काही झालीच नाही. थेट निकाल लागला.

"ताई, शेगडी रात्रभर चालू राहिली," भाऊ म्हणाला. त्याने तो प्लग पक्कडीने ओढून काढला होता आणि पारदर्शक पिशवीत घातला होता. पंचनाम्याला आल्यासारखा तो पिशवी उंच धरून उभा होता.

"रात्रभर कशी राहील? आत्ता लावली मी, चहाला. पाणी उकळायच्या आत वास आला."

"पाणी उकळायच्या आत सॉकेट जळतं होय? सहा अँपिअरचं आहे ते. रात्रीपासून चालू असणार. सकाळच्या उजेडात लाल तार दिसली नसेल तुला."

"मी बंद केली होती."

"तुला तसं वाटतं."

या तीन शब्दांनी आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काही बोलणार होती, पण भाऊ पिशवी घेऊन जिना उतरायलाही लागला होता. खालून त्याचा आवाज आला. तो आपल्या बायकोला सांगत होता, "विसरली. कबूल करत नाही, एवढंच."

आत्या म्हणजे भाऊची थोरली बहीण. लग्न केले नाही, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. विजेचा धडा ती अशा काही तळमळीने शिकवायची की मुलांनी तिचे नाव 'रोधबाई' पाडले होते. तिला ते ठाऊक होते आणि आतून आवडतही होते. निवृत्त झाल्यावर ती भावाच्या घरी माडीवरच्या खोलीत राहायला आली. एक खाट, एक टेबल, खिडकीशी खुर्ची, पुस्तके, आणि कोपऱ्यात उघड्या तारेची विजेची शेगडी. तिचा संसार एवढाच. पण सकाळी कुणाला न विचारता, कुणाला न उठवता, स्वतःचा चहा स्वतः करून खिडकीशी पुस्तक उघडायचे, ही चैन तिला एखाद्या राणीच्या चैनीसारखी वाटे.

भाऊ सगळी हयात हिशेबखात्यात होता, पण घरात त्याला 'इंजिनियर' म्हणत. सुरुवातीला थट्टेने म्हणत, पुढे तो ते खरेच मानू लागला. घड्याळ, छत्री, नळ, पंखा, कशालाही बाहेरच्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही, हा त्याचा बाणा. आत्याच्या शेगडीची तार अधूनमधून तुटायची. भाऊ चष्मा कपाळावर चढवून बसायचा, जळके टोक कापून टाकायचा, उरलेली तार ताणून खाचेत बसवायचा आणि दोन्ही टोके एकमेकांत अडकवून पक्कडीने पिळायचा. "नवी कशाला? ही बघ, पळायला लागली." आणि खरेच, शेगडी पूर्वीपेक्षा लवकर तापायची. आत्यानेच एकदा म्हटले होते, "तुझा हात लागला की पाणी चटकन उकळतं रे." भाऊ त्या दिवशी फुगून दुप्पट झाला होता.

सॉकेट जळाल्यानंतर साखर तपासायच्या नावाखाली तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारे होते.

"आजी, आज वार कोणता?"

आत्याने वार सांगितला.

"छान! आता शंभरातून सात वजा करा. मग त्यातून पुन्हा सात. असं करत जा हं, सावकाश."

आत्या सावकाश गेली नाही. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत ती धडधडत दोनापर्यंत उतरली आणि म्हणाली, "आता उणे पाच. पुढे जाऊ, की तुम्हाला पडताळायला कागद देऊ?"

डॉक्टर हसले. पण बाहेर भाऊला म्हणाले, "वयाप्रमाणे व्हायचंच. लक्ष ठेवा." शंभरापासून उणे पाचपर्यंतचा प्रवास दवाखान्यातच राहिला. घरी आले ते एवढे एकच वाक्य, आणि घरातून ते फोनवर सगळ्या नातेवाइकांकडे गेले.

भाऊची मुलगी, म्हणजे आत्याची भाची, दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिने दोन फोन करून वृद्धांसाठीची एक 'चांगली जागा' शोधून काढली.

"आत्या, तिथे बाग आहे. वाचनालय आहे. तुझ्यासारखेच शिकलेले लोक आहेत. आणि खोलीत शेगडी ठेवायची गरजच नाही."

"गरज नाही म्हणजे परवानगी नाही, ना?"

"अगं, तसंच काहीतरी. मी रविवारी येते, आपण नुसती बघून येऊ."

नुसती बघायला जायचे, तर भावजयीने माडीवर बॅग कशाला आणून ठेवली, हे आत्याने विचारले नाही. भावजय बिचारी बॅग ठेवताना तिच्याकडे बघतही नव्हती.

त्या दुपारी आत्याने पेन्सिल घेतली. भाऊला तोंडाने उत्तर देऊन उपयोग नव्हता. गणिताने द्यायला हवे होते. वर्तमानपत्राच्या कडेला तिने जन्मभराच्या सवयीने आधी लिहिले, 'दिलेले'. शेगडीच्या तळाच्या पत्र्यावर छापलेच होते, हजार वॉट, दोनशे तीस व्होल्ट. हजारला दोनशे तीसने भागले की प्रवाह येतो सव्वाचार अँपिअरच्या किंचित वर. व्होल्टला त्या प्रवाहाने भागले की तारेचा रोध येतो त्रेपन्न ओहम. सॉकेट सहा अँपिअरचे.

ती आकड्यांकडे बघत बसली. सव्वाचार अँपिअर सहाच्या सॉकेटमधून सुखाने जातात. चहाचे पाणी उकळेपर्यंत तर सॉकेट कोमटही व्हायला नको. ते जळायचे तर तासन् तास चालू राहायला हवे, आणि आतली पकडही सैल झालेली हवी. म्हणजे रात्रभर. म्हणजे भाऊ म्हणतो तेच.

तिने पुन्हा भागाकार केला. पुन्हा तेच आले. तिने डोळे मिटून आदल्या संध्याकाळचे बटण आठवायचा प्रयत्न केला. आपण बोट लावले, टक्‌ आवाज झाला. पण तो टक्‌ कालचा, की परवाचा, की गेल्या वर्षीचा? रोज बंद केलेले बटण कुणाला वेगळे आठवते? माणसाला आपण केलेले आठवत नाही म्हणून ते केलेच नाही असे होते का? पण मग आकड्यांचे काय? आकड्यांना काही तिच्या भावाची बाजू घ्यायचे कारण नव्हते.

संध्याकाळी ती खाली जाऊन म्हणाली, "येते मी जागा बघायला."

भाऊने वर्तमानपत्रातून मान वर केली. "बघ, शांतपणे विचार केला की पटतं."

ते तिच्या फार जिव्हारी लागले.

रविवारी सकाळीच भाची आली. गाडी थोड्या वेळाने येणार होती. त्याच वेळी भावजयीने बोलावलेला वायरमनही आला. सॉकेट आपण बदलतो असे भाऊने खूप सांगून पाहिले, पण त्या बाबतीत बायको प्रथमच अडून बसली होती. "भिंत काळी झाली ती पुरे," एवढेच ती म्हणाली होती.

वायरमन पन्नाशीचा, पोट सुटलेला, सतत काहीतरी गुणगुणणारा माणूस. त्याने जळके सॉकेट काढून हातात फिरवले. "वा! काजळ घालायला बरं आहे." मग बोर्डाचे झाकण उघडून आत बघितले, वायर चाचपली आणि विचारले, "आजी, काय लावत होता यावर? वेल्डिंग मशीन?"

"शेगडी. चहाची."

"कुठंय?"

आत्याने कोपऱ्याकडे बोट केले. प्लग वितळल्यावर भाऊने शेगडीला लगेच दुसरा प्लग लावून टाकला होता. हातात पक्कड असताना त्याला राहवत नसे. वायरमनने शेगडी उचलली, टेबलावरच्या दिव्याचे शेजारचे सॉकेट होते त्यात लावली, आणि बोर्डातल्या एकाच वायरीभोवती चिमट्यासारखा मीटर अडकवून बटण दाबले. तार लाल व्हायला लागली.

"साडेसात," तो म्हणाला.

"काय साडेसात?"

"अँपिअर, आजी."

"छे. सव्वाचार यायला हवेत. तुमचा मीटर बिघडलाय."

"माझा मीटर बिघडायला काय झालं? हवे ते तुमच्या पुस्तकात असतील. वायरीत साडेसात आहेत." आणि तो पुन्हा गुणगुणू लागला.

आत्या खुर्चीतून उठली. "व्होल्ट किती? मोजा."

"दोनशे तीस असतात सगळीकडे."

"असतात नको. मोजा."

त्याने खांदे उडवून मीटरच्या सुया लावल्या. "दोनशे पंचवीस."

वर्तमानपत्राची कड तिथेच टेबलावर होती, पण या वेळी तिला पेन्सिल लागली नाही. दोनशे पंचवीस भागिले साडेसात. तीस. नुसते तीस ओहम. आणि शक्ती, दोनशे पंचवीस गुणिले साडेसात. हजाराच्या शेगडीतून जवळजवळ सतराशे वॉट निघत होते, सहाच्या सॉकेटमधून साडेसात अँपिअर ओढत होते, आणि ती मात्र पत्र्यावर छापलेला आकडा खरा मानून स्वतःला वेडी ठरवून बसली होती! उभी हयात मुलांना 'दिलेले' लिहायला लावले. पण दिलेले कोणी दिले, कधी दिले, आणि मधे कुणी काय केले, हे तिने कधी विचारायला लावले नव्हते.

"तेवीस ओहम गेले कुठे?" ती मोठ्याने म्हणाली.

"काय गेलं?" वायरमनने खिसे चाचपले.

तिने शेगडी बंद केली, प्लग काढला, निवू दिली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तारेची वेटोळी कधी काळी एकमेकांना चिकटून, दाट असायची. आता ती ताणून ताणून विरळ झाली होती, विरलेल्या स्वेटरसारखी. आणि मधे मधे पिळलेल्या गाठी. एक, दोन, तीन... प्रत्येक गाठीशी चष्मा कपाळावर चढवून बसलेला भाऊ तिला दिसला.

ती जिन्याच्या तोंडाशी गेली. शाळेच्या पटांगणात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो आवाज तिला अजून सापडला.

"वर या! सगळे!"

भाची आधी आली. "काय झालं आत्या? गाडी येईल इतक्यात."

मागून भावजय, आणि शेवटी भाऊ, कपाळाला आठी घालून. "काय गोंधळ आहे?"

"बसा. खाटेवर बसा. मला चहा करायचाय."

"आत्ता? अगं ताई, निघायचंय आपल्याला."

"तेवढ्यासाठीच. मी शेगडी विसरते ना? आज आपण सगळे मिळून लक्ष ठेवू. डोळ्यांत तेल घालून बघा. वायरमनदादा, तुम्ही मेन स्विचपाशी उभे राहा. मी म्हटलं की बंद करायचं."

"मजा आहे," वायरमन म्हणाला आणि जाऊन उभा राहिला.

आत्याने मोठे भांडे भरून ठेवले, दिव्याच्याच सॉकेटमध्ये प्लग लावला आणि बटण दाबले. टक्‌ असा आवाज झाला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? मी चालू केली. मागाहून वाद नको."

भाची मोबाइल बघू लागली. भावजय भिंतीवरच्या काजळीकडे बघत होती. भाऊने घसा साफ केला. "हे काय पोरखेळ..."

"बोलू नकोस. लक्ष ठेव."

पाणी कुरकुरू लागले. मग त्याच्या तळाशी बुडबुडे धरले. आणि उकळी फुटायच्या जरा आधी भावजयीने नाक वर केले.

"वास येतोय," ती म्हणाली.

"कसला?"

"त्या दिवशी आला होता तसा."

भाऊ उठला आणि सवयीने प्लगकडे हात नेला. "आई गं!" बोटे झटकत तो मागे सरला. सॉकेटच्या पांढऱ्या तोंडावर तपकिरी डाग उमटला होता आणि तो डोळ्यांदेखत पसरत होता.

"बंद करा!" भाऊ ओरडला.

"का? मी विसरले नाहीये अजून," आत्या म्हणाली. "सगळे इथेच आहोत की. रात्र तरी झाली का?"

"ताई, जळेल ते!"

"बंद करा हो," ती वायरमनला म्हणाली, आणि मेन स्विच खाली पडला. खोलीतला पंखा हळूहळू थांबला. उकळी फुटता फुटता विरली.

भाचीने मोबाइल पर्समध्ये ठेवला. "म्हणजे... हे आपोआप?"

"आपोआप काही होत नाही. सहाच्या सॉकेटमधून साडेसात जातात. तार त्रेपन्न ओहमची होती, तीसची उरलीय. तार जितकी आखूड, तितका रोध कमी. रोध कमी झाला की प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त की शेगडी अशी पळते." तिने भाऊकडे बघितले. "पळायला लागली म्हणाला होतास ना? कुठे पळत होती, कळलं?"

"कॉइल खराब निघाली असेल," भाऊ बोटांवर फुंकर घालत म्हणाला. "हल्ली माल तसलाच येतो."

"निघाली नाही. कापली."

"मी? मी किती कापली असेल! बोटभर, फार तर..."

"तो बिस्किटांचा डबा आणू का?" भावजयीने विचारले.

भाऊने तिच्याकडे असे बघितले की जणू शेगडीच बोलली. पण ती उठून जिना उतरलीसुद्धा. इंजिनियरच्या घरात काहीही फेकले जात नसे. स्क्रू, वायसर, तुटके बटण, सगळे त्या डब्यात जायचे, न जाणो कधी लागेल म्हणून. भावजयीने डबा आणून खाटेवर पालथा केला. त्या गबाळ्यातून आत्याने एकेक करून तारेची वेटोळी वेचली. कुठले बोटाएवढे, कुठले वीतभर. जळके टोक तेवढे कापायचे म्हणता म्हणता इंजिनियरचा हात बराच सैल सुटला होता.

वायरमनला आता चेव आला होता. पुढचे काम विसरून तो खाली बसला, टोके खरवडून त्याने सगळे तुकडे एकात एक पिळले आणि दोन्ही बाजूंना मीटरच्या सुया लावल्या.

"साडेएकोणीस, आजी."

"उरलेले साडेतीन केरात गेले असतील," आत्या म्हणाली. "तेवढं चालतं."

वायरमन हसला. बाकी कुणी हसले नाही. खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"मी जाऊन परत पाठवते," भाची म्हणाली. मग जिन्याशी थबकून, मान खाली घालून, "आत्या, मी विचारायला हवं होतं. बाबांनी सांगितलं आणि मी..."

"मीसुद्धा तेच केलं बाई. पत्र्याने सांगितलं आणि मी मानलं. जा, गाडीवाल्याला ताटकळत ठेवू नकोस."

भाऊ डब्यातले स्क्रू पुन्हा डब्यात भरत होता. एकेक, निगुतीने. "बरं, झालं ते झालं," तो शेवटी म्हणाला. "नवी शेगडी आणू. पंधराचं सॉकेट बसवून टाकू. मिटलं."

"नाही मिटलं."

"आता काय?"

"शेगडीचं मिटलं. माझं कुठे मिटलं? तू डॉक्टरांना सांगितलंस. लेकीला सांगितलंस. समोरच्या काकूंना सांगितलंस, त्या आता माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलतात, मी बहिरी झाल्यासारख्या. सगळ्या गावाला सांगून झालं की ताईचं डोकं गेलं. ते कोण परत आणणार? त्याला कुठला डबा?"

"तू पण ना, ताई... इतकं कशाला ताणतेस?"

"ताणलंय तू. मी नुसतं मोजलंय."

वायरमनने एकाएकी आपल्या अवजारांच्या पिशवीत फार लक्ष घातले. भावजय खाटेच्या कडेला बसली होती. तिने आत्याची बॅग ओढून घेतली, चेन उघडली आणि आतली लुगडी काढून एकेक कपाटात ठेवायला लागली.

भाऊने ते बघितले. डब्याचे झाकण हातात फिरवले. "उद्या सांगतो सगळ्यांना."

"आत्ता."

"रविवार आहे. डॉक्टर घरी असतील."

"माझी बातमी द्यायला तू वार बघितला होतास?"

त्याने खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. "तूच बोल ना. तुला नीट सांगता येईल. आकडे वगैरे."

आत्या खिडकीशी आपल्या खुर्चीत जाऊन बसली. पुस्तक उघडले, पण नजर त्याच्यावरच होती.

"मी नको," ती म्हणाली. "मी विसरते."

भाऊने चष्मा कपाळावर चढवला, मग डोळ्यांवर आणला आणि नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत होती. "काय सांगू?" त्याने फोनवर हात ठेवून हळूच विचारले.

"शेगडी कुणी कापली, ते सांग."

"हॅलो, डॉक्टर..." तो म्हणाला, आणि अडखळला. खोलीत तिघांचे कान त्याच्याकडे लागले होते. "नाही नाही, ताई बरी आहे. एकदम बरी आहे. ते मी तुम्हाला शेगडीचं सांगितलं होतं ना... ती तार मी कापत आलो होतो. हो, मीच."

आत्याने पान उलटले.